तीन मतांचं घर

जुळे सोलापुरात राहणाऱ्याला राज्याची शीव कुणी शिकवावी लागत नाही. विजापूर रोडनं दक्षिणेला निघा, मंद्रूप मागं टाका, टाकळीपाशी भीमा ओलांडा, की कर्नाटक. पाट्यांची लिपी बदलते, एसटीचा रंग बदलतो. भाकरी मात्र कडकच राहते आणि शेंगाचटणीही तीच. आमच्या लहानपणी ‘जुळे सोलापूर’ हे नाव नव्हतं. विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मधला हा सगळा पट्टा म्हणजे नुसतं रान. ज्वारी, तूर, करडई, मध्येच बोरी-बाभळी. होटगीकडं जाणाऱ्या वाटेवर आमच्या वाटणीचा एक तुकडा होता. तो केव्हाच गेला, आता त्यावर कुणाकुणाचे बंगले आहेत. पण मुंबई कुणाची, महाराष्ट्राचं काय व्हावं, पक्ष मोठा की माणसाचं मन मोठं, हा आमच्या घरातला सगळ्यांत मोठा वाद झाला तो त्याच रानात. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. थोडं डोळ्यांनी पाहिलेलं, बरंचसं नंतर अव्वाकडून आणि तात्यांकडून ऐकलेलं, आणि त्या दोघांच्या सांगण्यात कधी मेळ बसला नाही. तरी सांगतो.

हे सगळं पुन्हा वर आलं ते भाचीमुळं. ती नोकरीसाठी एडिंबरात होती. १८ सप्टेंबर २०१४ रोजी तिथं सार्वमत झालं. स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का, एवढाच प्रश्न. हो किंवा नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, ‘‘मामा, मीपण मत दिलं.’’ पासपोर्ट भारताचा, मग मत कसं काय? तर तिथं राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांनाही मताचा हक्क होता, आणि सोळा वर्षांच्या पोरांनाही. जवळजवळ ८५ टक्के लोकांनी मत दिलं. ५५ टक्के ‘नाही’ म्हणाले, ४५ टक्के ‘हो’. कुठं दगड पडला नाही, कुठं गोळी सुटली नाही.

तिच्या जिन्यात एक आजोबा राहायचे. जन्मभर मजूर पक्षाचे. त्या वेळी मजूर पक्ष हुजूर पक्षाच्या मांडीला मांडी लावून ‘नाही’चा प्रचार करत होता, आणि आजोबांचं मन ‘हो’कडं. पक्षाचं ऐकावं की आपलं, या विचारात म्हातारा जिन्यात भेटेल त्याच्याशी बोलत उभा राहायचा. भाची म्हणाली, ‘‘मामा, मी आबांना बघितलं नाही. पण तू सांगतोस ते आबा असेच असणार, नाही का रे?’’

हो, आबा असेच होते.

आबा म्हणजे माझे आजोबा. काँग्रेसचे. म्हणजे कसे काँग्रेसचे, ते सांगायला १९३० पर्यंत मागं जावं लागेल. गांधीजींना मे महिन्यात पकडलं आणि सोलापूर पेटलं. पोलीस गाव सोडून गेले, काही दिवस इंग्रजांचं राज्य सोलापुरात उरलंच नाही. मग लष्कर आलं, मार्शल लॉ पुकारला. गांधी टोपी घालणं हा गुन्हा. आबा तिशीतले होते. त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या पणजीनं, त्यांची टोपी घडी करून ज्वारीच्या कणगीत तळाशी घातली आणि वरून पायली-पायली ज्वारी ओतली. शिपाई घरात येऊन गेले, कणगीत हात घालूनही गेले म्हणे. टोपी सापडली नाही. पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी असे चौघं एका दोराला गेले, असं आबा म्हणायचे, आणि पुढं म्हणायचे, ‘‘ही काँग्रेस.’’ पक्ष म्हणजे त्यांना ती कणगीतली टोपी होती. दरवर्षी सभासदत्वाचे चार आणे भरायचे, पावती पंचांगात ठेवायचे.

तात्या त्यांचे धाकटे चुलतभाऊ. जुन्या मिलमध्ये हजेरी कारकून. अंगानं काटकुळे, आवाज मात्र मिलच्या भोंग्याला भारी. त्यांचा जीव लाल बावट्यावर, आणि त्याहून जास्त शाहीर अमर शेखांवर. अमर शेख बार्शीचे, आमच्याच जिल्ह्याचे, हे तात्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, जणू सोयरिकच. शाहिरांचा डफ ऐकायला ते रात्र रात्र जागत आणि सकाळी तसेच मिलला जात. डबा घरनंच: दोन कडक भाकऱ्या, कांदा, चटणी. भाकरी हातावर आपटून मोडायची त्यांची एक तऱ्हा होती. मोडली की म्हणायचे, ‘‘फुटली बघ काँग्रेस.’’ आबा समोर असले की नाही म्हणायचे.

आणि अव्वा. माझी आज्जी. तिचं माहेर इंडी तालुक्यातलं. घरी कानडी, शाळा नाही, लग्न झालं तेव्हा मराठीचा गंध नाही. सासरी येऊन मराठी शिकली, पण मोजताना, ओव्या म्हणताना आणि रागावताना कानडीच यायची. इंडी विजापूर जिल्ह्यात, आणि विजापूर जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच. सोलापूरहून सकाळची गाडी धरली की होटगी, मग पुढं इंडी रोड. तिला ते परराज्य कधी वाटलंच नव्हतं, कारण नव्हतंच. तिचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णामामा म्हणायचो, कर्नाटक एकीकरणाचे पक्के. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, येताना हमखास शेंगापोळ्यांचा डबा. आबांना ‘दाजी’ म्हणायचे आणि दाजींच्या पाया पडूनच वादाला बसायचे.

असं आमचं तीन मतांचं घर.

आता वाद काय होता ते थोडक्यात सांगतो; म्हाताऱ्यांना पाठ आहे, पण नातवंडांना ठाऊक नसतं. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढं फाजल अली आयोग आला. त्यानं १९५५ च्या ऑक्टोबरात सांगितलं की मल्याळी लोकांना, कानडी लोकांना भाषेचं राज्य द्या. मराठी आणि गुजराती माणसांनी मात्र मुंबईसकट एकत्र नांदावं, आणि विदर्भ वेगळा. महाराष्ट्र खवळला. दिल्लीनं मग तीन राज्यांची तोड काढली: महाराष्ट्र, गुजरात, आणि मुंबई स्वतंत्र. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, माणसं मेली. आबांसारख्या हजारो काँग्रेसवाल्यांची पंचाईत इथं सुरू झाली. मन म्हणतं मुंबई आपली, आणि कार्यकारिणी म्हणते गप्प बसा.

डिसेंबरच्या सुरुवातीला फलटणला मालोजीराजे नाईक निंबाळकरांच्या वाड्यात यशवंतराव चव्हाण बोलले. चळवळीचे पुढारी शंकरराव देव यांचं नेतृत्व मानत नाही म्हणाले. नेहरू आणि महाराष्ट्र यांत निवडायची वेळ आली तर नेहरू मोठे, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ गावोगाव पसरला. तात्यांनी त्या दिवशी यशवंतरावांच्या नावानं आंघोळ केली, असं अव्वा सांगायची. तात्या म्हणायचे, अंघोळ रोजचीच होती, वहिनीला काय कळतंय.

त्या वर्षी येळवस, म्हणजे रानात जाऊन साजरी करायची अमावास्या, जानेवारीत आली, संक्रांतीच्या अगदी तोंडावर. गावात सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याची गडबड, नंदीध्वजांचा सराव, आणि चार हुतात्म्यांचा दिवसही त्याच सुमाराला. अण्णामामा यात्रेसाठी दरसाल येत, ते आलेलेच होते. सगळं घर रानात निघालं. बायकांच्या डोक्यावर शिबडी, गाडग्यात ताकातली अंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि भज्जी. भज्जी ज्यानं खाल्ली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. शेतातली असेल ती पालेभाजी, तूर, वाटाणा, हरभरा, पावटा, चिंचेचा कोळ, बेसन, सगळं एका पातेल्यात. कडब्याची कोप उभी केलेली, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव. पूजा झाली, आबांनी रानाला वळसा घालून अंबील शिंपडली आणि सगळे कोपीच्या सावलीला बसले.

सुरुवात कुणी केली यावर एकमत नाही. अव्वाच्या मते तात्यांनी. तात्यांच्या मते आबांनीच विचारलं, ‘‘मिलमध्ये काय बोलूलालेत रे?’’ आणि मग तात्या सुटले. मिलमध्ये बोलतात की काँग्रेसवाल्यांनी मुंबई विकली. मिलमध्ये बोलतात की मंत्री मराठी, पण जीभ दिल्लीत गहाण.

आबा शांत होते. ते म्हणाले (हे मात्र दोघंही सारखंच सांगायचे), पक्षात असताना मत आत मांडायचं, बाहेर ठरेल ते पाळायचं. ज्याला त्याला आपल्या मनासारखं चालायचं असतं तर इंग्रज अजून इथंच असते. बेचाळीसला मला काय सगळं पटलं होतं? तरी गेलो ना जेलात.

तात्या म्हणाले, ‘‘दादा, पण आत तरी तुला कुणी विचारलं? वॉर्ड कमिटीत ठराव आला का, की मुंबई द्यायची का नाही, हात वर करा? चार जण दिल्लीत खोलीत बसले, ठरवलं, आणि तुला कळलं केसरीतनं.’’

आबांकडं याला उत्तर नव्हतं. ते कडक भाकरीचा तुकडा भज्जीत बुडवून धरून बसले, मऊ होईपर्यंत, आणि तो पातेल्यात पडला. हे मला स्वतःला आठवतं, कारण तुकडा पडल्यावर आम्ही पोरं हसलो आणि कुणी रागावलं नाही.

मग अण्णामामा बोलले. त्यांचं मराठी सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखं. ते म्हणाले, ‘‘दाजी, तुमचं दोघांचं भांडण मुंबईवरनं. बरोबर. तुमची भाषा, तुमचं राज्य, आमची हरकत नाही. पण अक्कलकोटात कानडी बोलतात, इथं होटगीत बोलतात, सोलापुरात निम्म्या गल्ल्यांत बोलतात. त्यांना तुम्ही विचारलं का? का दिल्लीनं तुम्हाला विचारलं नाही म्हणून तुम्हीपण आम्हाला विचारायचं नाही?’’

तात्या उसळले. सोलापूर मराठीच. कोपीतलं वातावरण तापलं. आबांनी हात वर केला, तरी थांबेनात. तेव्हा अव्वा उठली. ती वाढत होती, तिच्या हातात पळी. ती म्हणाली, ‘‘तुम्ही तिघं बोलूलालाव. इंडी तिकडं जाणार म्हणे. माझं माहेर दुसऱ्या राज्यात जाणार. मला विचारलं का कुणी? हा माझा भाऊ, तोपण मला विचारला नाही.’’ आणि मग कानडीत अण्णामामांना काहीतरी लांबलचक बोलली, जे तिनं आम्हाला कधी मराठीत सांगितलं नाही. अण्णामामांनी मान खाली घातली. तिनं त्यांना खीर वाढली, मग तात्यांना, मग आबांना.

मला वाटतं, त्या दिवशी त्या रानात जे बोललं गेलं ते पुढं मी वाचलेल्या पुष्कळ जाडजूड पुस्तकांत सापडलं नाही. मुंबईचा हिशोब सगळ्यांनी लिहिला. अव्वाचा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

त्यानंतर दोन-चारच दिवस गेले. १६ जानेवारी १९५६. संध्याकाळी नेहरूंनी आकाशवाणीवरून सांगितलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. आमच्या घरी रेडिओ नव्हता. गल्लीच्या तोंडाशी एका किराणा दुकानात होता, तिथं आबा उभे होते. घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि जेवले नाहीत. मुंबईत पुन्हा गोळीबार झाले. शेवटी हुतात्म्यांचा आकडा १०५ वर गेला. आबा सकाळी कमिटीच्या ऑफिसात गेले आणि वॉर्डाच्या चिटणीसपदाचा राजीनामा देऊन आले. पक्ष सोडला नाही. चार आण्यांची पावती पुढच्या वर्षीही फाडली. तात्यांना हे पटलं नाही. पद सोडायचं आणि पक्ष ठेवायचा, ही कसली रीत? आबा एवढंच म्हणाले, जे चुकलं ते सांगायला मी आत राहतो. पण जे मला पटत नाही ते दुसऱ्याला पटवून द्यायचं काम माझ्याच्यानं होणार नाही.

हेच त्या वर्षी फार मोठ्या माणसांनीही आपापल्या परीनं केलं. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, लोकसभेवर कुलाब्यातून निवडून आलेले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभं राहून कारण सांगितलं. त्यांची तक्रार फक्त मुंबई गेली एवढीच नव्हती. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळाला नीट न विचारता जाहीर झाला, ही होती. म्हणजे तात्यांनी कोपीत आबांना जे विचारलं, तेच देशाच्या अर्थमंत्र्यानं पंतप्रधानांना विचारलं. आबांनी ते भाषण छापून आलं त्या दिवशी अव्वाला मोठ्यानं वाचून दाखवलं. अव्वाला त्यातलं किती कळलं असेल कोण जाणे. पण तिच्या तोंडी ‘देशमुखांचं पोरगं’ असा उल्लेख पुढं कायम राहिला, जणू चिंतामणराव शेजारच्या आळीतले.

दुसऱ्या बाजूला काकासाहेब गाडगीळ. त्यांनी लोकसभेत मुंबईसाठी तळमळून भाषण केलं, पण काँग्रेस सोडली नाही. १९५७ ला पुण्यातून उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या ना. ग. गोऱ्यांनी त्यांना पाडलं. मनानं लोकांबरोबर, तिकिटानं पक्षाबरोबर. लोकांनी तिकीट बघितलं. आबांना या गोष्टीचं फार वाईट वाटायचं. तात्यांना त्या दिवशी मिलमधून पेढे आणताना आम्ही पाहिलं, पण आबा दिसताच त्यांनी पुडा धोतराच्या ओच्यात लपवला. एवढी भाऊबंदकीतली माया मी नंतर राजकारणात पाहिली नाही.

मधल्या काळात, फेब्रुवारी १९५६ मध्ये, पुण्यात केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली होती. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे एका मांडवात. अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला. तात्यांनी सत्याग्रह केला, थोडे दिवस आत राहून आले. किती दिवस ते दरवेळी वेगळं सांगत. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ, मराठवाडा, गुजरात, मुंबई सगळं मिळून मोठं द्विभाषिक झालं, यशवंतराव मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी विजापूर, धारवाड, कारवार आणि बेळगाव जिल्ह्याचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात गेला. इंडीही गेली. अव्वाचं माहेर तिच्याच दारातून, तिला न विचारता, दुसऱ्या राज्यात गेलं. गाडी तीच होती, तिकीटही तेच. तरी त्या वर्षी दिवाळीला ती माहेरी गेली नाही.

१९५७ ची निवडणूक म्हणजे आमचं सार्वमत, असं तात्या म्हणायचे. कागदावर निवडणूक, पण प्रश्न एकच. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. कराडला खुद्द यशवंतराव थोडक्या मतांनी वाचले. गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या जोरावर राज्य मात्र त्यांचंच राहिलं. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘अरे मामा, इथंही तसंच झालं!’’ सार्वमत ‘नाही’वाल्यांनी जिंकलं, पण दुसऱ्याच वर्षी, २०१५ च्या निवडणुकीत, स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा स्कॉटिश नॅशनल पार्टीनं घेतल्या. मजूर पक्षाच्या ४१ होत्या, उरली एक. जिन्यातल्या आजोबांसारख्यांनी पक्षाला जाब विचारला.

आबांनी ५७ ला मत कुणाला दिलं ते कुणालाच कळलं नाही. प्रचाराला ते गेले नाहीत, ना इकडं ना तिकडं. मतदानाच्या दिवशी मात्र सकाळीच आंघोळ करून, टोपी घालून गेले. तात्यांची पक्की समजूत होती की दादानं समितीलाच दिलं. अव्वा म्हणायची, पक्षाची टोपी घालून दुसऱ्याला मत देणारा माणूस तो नव्हे. मी आबांना कॉलेजात असताना विचारलं. ते म्हणाले, ‘‘बाळ, ती पेटी होती. पेटीतलं पेटीत.’’

पक्ष की मन, हा आबांचा पेच सगळीकडं आहे. लंडनच्या पार्लमेंटात व्हिपच्या, म्हणजे पक्षादेशाच्या, चिठ्ठीवर ज्या विषयाखाली तीन रेघा मारलेल्या असतात तिथं खासदारानं पक्षाप्रमाणंच मत द्यायचं, अशी जुनी रीत आहे. मोडलं तर पक्ष काढून टाकतो; सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवरून हुजूर पक्षानं आपल्या २१ खासदारांना असंच बाहेर काढलं, त्यात चर्चिलचा नातूही होता. स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षानंही २०१५ ला आपल्या खासदारांना नियम घातला की गटाच्या निर्णयावर उघड टीका करायची नाही. पण तिथं पक्षानं काढलं तरी खासदारकी राहते. आपल्याकडं १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडला तर जागाच जाऊ शकते. घोडेबाजार थांबवायला तो कायदा आला, आणि घोडेबाजार थांबला नाही हे आपण महाराष्ट्रात डोळ्यांनी पाहतो आहोत. थांबलं ते काकासाहेबांसारखं पक्षात राहून मनातलं बोलणं. मला याची खंत वाटते, आणि ती मी लपवत नाही. अंदाजपत्रकाला, सरकार टिकवायला पक्षादेश असू दे. पण माणसाचं घर कुठल्या राज्यात, कुठल्या देशात असावं हा प्रश्न आला की पक्षानं आपल्या माणसांना मोकळं सोडलं पाहिजे. ब्रिटननं युरोपच्या प्रश्नावर १९७५ ला आणि पुन्हा २०१६ ला मंत्र्यांना दोन्ही बाजूंनी प्रचार करायची मुभा दिली होती. सरकार काही त्या मुभेनं कोसळलं नाही.

यशवंतरावांना मात्र मी तात्यांच्या नजरेनं पाहू शकत नाही. ते आत राहिले, शिव्या खाल्ल्या, प्रतापगडावर नेहरू आले तेव्हा वाई-पाचवडच्या रस्त्यावर उसळलेला निदर्शकांचा समुद्र नेहरूंना दिसला आणि तो त्यांनी पाहिला याचा उपयोग यशवंतरावांनी आतून करून घेतला. बाहेरून समितीनं ढकललं, आतून यशवंतरावांनी ओढलं. एकट्यानं कुणाच्यानंच मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य झालं नसतं. ६२ साली चीनच्या युद्धात यशवंतरावांच्या रूपानं सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला तेव्हा तात्यासुद्धा निवळले. त्यांच्या खोलीत अमर शेखांच्या फोटोशेजारी काही काळ यशवंतरावांचं एक कात्रण चिकटवलेलं होतं.

पण अण्णामामांचा प्रश्न कुठं गेला? तो गेला नाहीच. सेनापती बापटांनी १९६६ ला सीमाप्रश्नासाठी उपोषण केलं, महाजन आयोग नेमला गेला, आणि पुढच्या वर्षी त्यानं सांगितलं की बेळगाव म्हैसूरकडंच राहावं, वर अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापुरातली गावंही तिकडं द्यावीत. म्हणजे आमचं ते रानही काठावर आलं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला; २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र ८६५ गावं मागतो, आणि मागताना म्हणतो, गाव हा घटक धरा, भाषा बघा, लोकांची इच्छा बघा. मला हे म्हणणं मनापासून पटतं. बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसानं जे सोसलंय त्याला दुसरा न्याय नाही. पण २०२२ च्या हिवाळ्यात अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनी रस्ता नाही, पाणी नाही म्हणून कर्नाटकात जातो असं म्हटलं, तेव्हा इकडं टीव्हीवर त्यांच्यावर तुटून पडलेले लोक मला पाहवले नाहीत. डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधानसभेनं सीमाप्रश्नावर एकमतानं ठराव केला, एकही हात खाली राहिला नाही. ठीक. पण त्या गावांना नळ कधी मिळणार ते एकमतानं ठरलं असतं तर अण्णामामांना समाधान वाटलं असतं.

१ मे १९६० ची रात्र मला स्वच्छ आठवते, इथं कुणाच्या सांगण्याची गरज नाही. तात्या गुलालानं माखून आले, गळ्यात हार, आवाज बसलेला. त्यांनी आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि दोघं भाऊ रडले. आबांनी स्वतःच्या हातानं त्यांना पेढा भरवला, दुसरा अव्वाच्या हातावर ठेवला. अण्णामामांचं त्या आठवड्यात पत्र आलं होतं, कानडीत, अव्वाला वाचता येत नव्हतं म्हणून गल्लीतल्या एका मास्तरांनी वाचून दाखवलं. दाजींचं आणि तात्यांचं अभिनंदन, आणि येळवसला येतोच, असं लिहिलेलं. अव्वानं ते पत्र तात्यांना दाखवलं. मग पेढा तसाच हातात धरून तिनं विचारलं, ‘‘राज्य झालं, चांगलं झालं. आता बेळगावचं काय? आणि आमच्याकडच्यांचं काय?’’

तात्या पदरानं तोंड पुसणाऱ्या तिच्याकडं बघत म्हणाले, ‘‘होतंय की वहिनी. वरीस-दोन वरीस.’’